एक मिनिट हं, लावून देते

३ जून
नव्या मॅनेजरांनी बोलावलं. हॉस्पिटलचे फोन यापुढे मशीन उचलणार म्हणे. लोकांनी नुसती बटणं दाबायची. मी मनातल्या मनात हसले. सव्वीस वर्षं या बोर्डावर बसते आहे. नुसत्या ‘हॅलो’वरून मला कळतं, कोण घाबरलंय आणि कोण भांडायला आलंय. मोठे सर्जन चिडलेले असले, तर मी सांगते, दहा मिनिटांनी करा. मशीन सांगेल?
संकल्प : शांत राहायचं. महिन्याभरात माझ्याकडेच येतील.

५ जून
दोन दिवसांत आले! मशीनसाठी आवाज हवाय. “बाई, तुमच्याइतका स्वच्छ आवाज इथे आहे कुणाचा?” म्हणजे मशीनचंसुद्धा माझ्यावाचून अडतं. ह्यांना सांगितलं, तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “आवाज घेतल्यावर तुझं काय करणार आहेत?”
ह्यांना कशातही खोट काढायची सवयच आहे.

८ जून
एक्स-रेच्या खोलीत दार लावून रेकॉर्डिंग. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांची आठवण आली. शेवटचं अक्षर शेवटच्या बाकापर्यंत पोचलं पाहिजे, म्हणायच्या. पोचवलं. कागदावरचा मजकूर मात्र अगदी कोरडा. ओपीडीसाठी एक, रिपोर्टसाठी दोन. शेवटी सवयीने तोंडून गेलंच, “एक मिनिट हं, लावून देते.” रेकॉर्डिंगवाली म्हणाली, “मावशी, हे कागदावर नाहीये. पण राहू दे, गोड वाटतंय.”
मावशी! उद्यापासून केस रंगवायचे.

१० जून
डाय आणला. पाकिटामागच्या सूचना फारच बारीक अक्षरात आहेत. रविवारी.

१७ जून
मशीन सुरू. मी म्हटलं होतं तसाच गोंधळ. एक आजोबा काठी टेकत समक्षच आले. “काय हो बाई, हल्ली माझं ऐकूनच घेत नाही! मी गुडघ्याचं सांगतोय आणि तुम्ही आपलं एक दाबा, दोन दाबा!” मी त्यांची माफी मागितली. गुडघ्याचं सगळं ऐकून घेतलं.
लोकांना माणूस लागतो. सिद्धच झालं.

२४ जून
बोर्ड उचलून नेला. मला तळमजल्यावर, जुन्या केसपेपरांच्या खोलीत बसवलंय. तात्पुरतं, असं मॅनेजर दोनदा म्हणाले. दोनदा कोण उगाच म्हणेल? खुर्चीवरची माझी उशी मुद्दाम तिथेच ठेवून आले. परत जायचंच आहे.
इथे फोन नाही. शांतता आहे. वाचन वाढवायचं.

२७ जून
शिपाई उशी आणून देऊन गेले. चुकून असेल.

३ जुलै, सकाळी सव्वादहा
रजा घेतली. ह्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आमच्याच हॉस्पिटलमधून काल यायचा होता. हे वरवर शब्दकोडं सोडवताहेत, पण पेन एकाच चौकोनावर अडकलंय. म्हणून घरून फोन लावला.
मीच उचलला.
दोन दाबलं. “एक मिनिट हं, लावून देते,” मी म्हणाले. इतकं मायेने, की माझ्या तोंडून “सावकाश, घाई नाही,” निघून गेलं.
बावीस मिनिटं कानाशी धरून बसले.
हे म्हणाले, “काय म्हणतेय?”
“लावून देते म्हणतेय.”
“देईल का गं?”
“पूर्वी द्यायची,” म्हटलं, आणि चपला घालून रिपोर्ट आणायला निघाले.