जाळीतून पाडलेला उजेड

मुंबई, ता. १८-१०-६४

चि. विश्वनाथ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रमिलाशी माझं लग्न ठरल्याची तार मिळालीच असेल. मुहूर्त १२ डिसेंबरचा. तिच्या वडिलांनी आपल्या वडीलधाऱ्यांचे फोटो मागितले आहेत. आईबाबांचे आहेत, आत्याचा एकही नाही. आईबाबा गेल्यावर आपल्या दोघांना वाढवलं तिनेच, तेव्हा तिचा हवाच. मात्र ही माणसं सुधारक वळणाची. केशवपन केलेलं डोकं, त्यावर ओढलेलं आलवण त्यांना बघवणार नाही. तू शाळेत चित्रकला शिकवतोस, त्यातून फोटोंचं वेड. नुसता चेहरा येईल असं काहीतरी कर. तिला कारण सांगू नकोस. तब्येतीला जप, लोभ आहेच.

तुझा,
अरविंददादा


सिल्वासा, ता. ३-११-६४

ती. अरविंददादास शि. सा. न. वि. वि.

फोटो पाठवतो आहे. फ्लॅश कॅमेऱ्यावरच ठेवला तर डोक्यापासून भिंतीपर्यंत सगळंच उजळतं. म्हणून लांब वायर लावून तो बाजूच्या स्टुलावर ठेवला आणि तोंडाशी काळ्या पुठ्ठ्याची जाळी बसवली, मधाच्या पोळ्यासारखी, खोल घरांची. ती चिकटवण्यात दोन रविवार गेले. अशा जाळीतून उजेड पसरत नाही, पाडू तेवढ्याच जागी पडतो. आधी बॅटरीचा झोत टाकून जागा ठरवली. भुवयांपासून हनुवटीपर्यंत, बस.

डोकं नीट झाकून घेऊ का, असं आत्याने विचारलं. मी म्हटलं, राहू दे, ते अंधारातच जाणार आहे. फोटो पाहून म्हणाली की चेहरा छान उतरलाय, पण बाई कुठली ते कळत नाही. दादा, मला माझ्याच कसबाची लाज वाटली.

लग्नाला तिला घेऊन येतो. वापीहून गाडी किती वाजता सुटते ते ती रोज विचारते. ट्रंकही काढून ठेवली आहे. दोघांवर माया असू दे.

तुझा,
विश्वनाथ


मुंबई, ता. १६-१२-६४

चि. विश्वनाथ यास आशीर्वाद.

आत्याला आणू नकोस एवढीच तार केली, तर तूही आला नाहीस. सगळे विचारत होते. असो. फोटोची फार वाहवा झाली. आईबाबांच्या शेजारीच लावला होता. प्रमिलाच्या आईने तिन्ही फोटोंना हार घातले, हात जोडले आणि आत्या कधी गेल्या म्हणून विचारलं. भर मांडवात खुलासा कुठे करत बसणार? चार वर्षं झाली, असं म्हणून गेलो. मनाला लावून घेऊ नकोस, तुझ्या वहिनीला पुढेमागे सांगेन. आत्यासाठी लाडू पाठवले आहेत. राग सोड आणि पत्र टाक.

अरविंददादा


सिल्वासा, ता. २२-१२-६४

अरविंद,

मायना मुद्दामच लिहिलेला नाही. तुझं पत्र आलं तेव्हा मी शाळेत होतो. आत्याने ते शेजारच्या मालतीबाईंकडून वाचून घेतलं. मी आलो तेव्हा ती तांदूळ निवडत बसली होती. चार वर्षांचं ते वाक्य तिने मला पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं की अरविंदाने दुखणं कुठलं सांगितलं. लाडू तिने खानवेलच्या बसला थांबलेल्या बायकांना वाटून टाकले.

दोष तुझ्या एकट्याचा नाही. तू सांगितलंस, पण उजेड मी पाडला.

तिने सांगितलेलं तेवढं लिहितो. ती जाईल तेव्हा तुला तार करायची नाही. तुझं सुतक फिटलेलं आहे.

विश्वनाथ