शरदला खुर्ची सोडून बाकी सर्व

मी कल्याणी मारुतीराव मुतगेकर, वय ७६, निवृत्त इतिहास शिक्षिका, राहणार पिरनवाडी, बेळगाव, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. गुरुवारी हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दोन वर्षांपूर्वी ते नव्हते. खुलासा कलम २ मध्ये.

१. राहते घर धाकटा भाऊ शरद यास. मागच्या दाराची कडी त्यानेच मोडली, त्यानेच बसवावी.

२. शाळेचा सचिव गुंडू माझाच विद्यार्थी. त्याने शाल घालून मला संस्थेची अध्यक्षा केले. म्हणाला, "बाई, तुम्ही नुसतं बसा की. बाकीचं आम्ही बघतो." मग कानडी कागद पुढे केला. सीमाप्रश्नापायी मी कानडी अक्षर शिकले नाही आणि त्याचा अभिमान बाळगला. कोणाकडून वाचून घेणेही कमीपणाचे वाटले. सही केली. ते मुलींच्या मैदानाच्या विक्रीचे करारपत्र होते. ते कळल्यावर पुढच्या पक्क्या खरेदीखतावर सही नाकारली, तेव्हा मला काढले. शनिवारी त्या खुर्चीत शरदला बसवणार आहेत, सहीसाठी.

३. पेरूच्या इंका राजांवरचे माझे हस्तलिखित शरदची मुलगी मधुवंती हिला. स्पॅनिशांनी इंका राजपुत्र मांकोच्या कपाळावर राजेपणाचा तांबडा गोंडा बांधून त्याला नावापुरता राजा केले. मी त्याला वर्गात जन्मभर मूर्ख म्हटले. ते वाक्य खोडावे. उमगल्यावर तो उठला, लढला, हरला, डोंगरात गेला. मग त्यांनी गोंडा त्याच्या भावाला, पाउलूला बांधला. त्याने तो मरेपर्यंत मिरवला.

४. माझी सही फसवून घेतली, हे कलम २ न्यायालयात दाखल करावे. नाचक्की होईल. होऊ दे.

५. शरदला काल विचारले. म्हणाला, "आक्का, मी न्हाय बसलो तर दुसरं कोण तरी बसंलच की गं." पाउलूही हेच म्हणाला असेल.

वकील सांगतात, शरद त्या खुर्चीत बसला तर घर नाही, अशी अट घाला. घालणार नाही. घराच्या दोरीने तुला नाचवले तर गुंडूत आणि माझ्यात फरक काय? मैदान वाचवायला माझ्याजवळ दुसरे काही उरलेले नाही. म्हणून याची प्रत आजच तुला पाठवते आहे. शरद, मी कधी कोणापुढे हात जोडले नाहीत. आज जोडते. शनिवारी जाऊ नकोस.

खालची सही कानडीत आहे. मधुवंतीने गिरवून घेतली. वाकडी आहे, पण वर काय लिहिले आहे ते वाचून केली आहे.

सही: कल्याणी मा. मुतगेकर

साक्षीदार: पायगोंडा पाटील, निपाणी
चंपाबाई पाटील, निपाणी

बेळगाव, मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५