टाकीच्या झाकणाचं कुलूप

अहो,

पत्रात तरी तुम्हाला नावानं हाक मारावी असं मनात होतं. पण बत्तीस वर्षांत जे जमलं नाही ते आता कुठलं जमायला?

आज शनिवार, दुपारचे तीन वाजलेत. तुमच्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून ठेवलंय. उद्या सकाळी दहा वाजता गॅरेजमध्ये जाऊन मला तिथल्या अरब मालकाला, अर्बाबला, एक उत्तर द्यायचंय, रफीकला कामावर ठेवायचं की घरी पाठवायचं. गॅरेज अर्बाबचं, मेकॅनिक त्याचा, पण त्यानं निर्णय माझ्यावर टाकलाय. "सिस्टर, तुम बोलेगा, हम वो करेगा," म्हणाला. कारण तक्रार माझी होती. 'तुमच्या माणसानं गाडी नीट केली नाही, म्हणून माझा नवरा भर उन्हात रस्त्यावर गेला,' असं मी त्याच्या ऑफिसात बसून सांगून आले होते. तेव्हापासून दोन आठवडे रफीकच्या हातात पाना नाही.

म्हणून हे पत्र. त्याला उत्तर देण्याआधी तुम्हाला काही विचारायचंय.

तुम्हाला आठवतं ना, ही भानगड कुठून सुरू झाली? तुमची ती आकाशी रंगाची, पन्नास वर्षांची लांबलचक गाडी, माझी सवत. मागची नंबरप्लेट खाली ओढली की तिच्यामागे टाकीचं तोंड. मला तर ते तोंड तिथे असणंच पहिल्यापासून पटलं नव्हतं. कोणीही यावं, प्लेट ओढावी, नळी घालावी. आणि झालंही तसंच, असं मला वाटलं. तुम्ही गुरुवारी संध्याकाळी टाकी काठोकाठ भरून आणायचात, बिल्डिंगच्या उतारावर गाडीचं नाक वर करून लावायचात, आणि सकाळी काटा खाली आलेला असायचा.

"उन्हाळा आहे, उडत असेल," तुम्ही म्हणालात.

उडत असेल! पेट्रोल काय कापूर आहे? मी आधी वॉचमनवर नजर ठेवली. मग तळमजल्यावरच्या त्या भाडेकरूवर, कारण त्याच्याकडे गाडी होती पण तो कधी पेट्रोल भरताना दिसायचा नाही. शेवटी तुम्हाला न सांगता मी मागच्या बंपरखाली रांगोळीची पूड पसरली, पावलं उमटतील म्हणून. पावलं काही उमटली नाहीत. पुडीत दोन गोल खड्डे मात्र दिसले, रुपयाएवढे. मी म्हटलं, मांजर.

तुम्ही गाडी रफीककडे नेलीत. तेव्हा मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा, बोलायला गोड. मला गोड बोलणाऱ्यांचा संशयच येतो, हे तुम्ही जाणताच. त्यानं झाकण उघडून आतला वायसर दाखवला, सुकून कडक झालेला, चिरा पडलेला. "ताई, चोर कोणी नाय. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं गार पेट्रोल इथल्या रात्रीच्या उष्म्यातही फुगतं. गाडीचं नाक वर, म्हणजे हे तोंड खाली. मग ते वायसरातून थेंब थेंब बाहेर येतं नि जागच्या जागी सुकतं," म्हणाला. त्यानं नवा वायसर बसवला. टाकी थोडी रिकामी ठेवा, गाडी उलटी लावा, इतकंच सांगितलं.

एवढं सोपं असतं होय? माझ्या मनात पाल चुकचुकली. चोर पकडायचा सोडून हा चोरच नाही म्हणतोय, म्हणजे याचाच हात असणार. आणि मग मी जे केलं ते तुम्हाला माहीत आहे.

मे महिन्यात पुण्याला गेले तेव्हा सुतळीनं टाकीच्या तोंडाचं माप घेऊन गेले होते. नाना पेठेत तीन दुकानं पालथी घातली आणि कुलूपवालं झाकण घेऊन आले. जाड, चकचकीत, दोन चाव्यांचं. आपल्या वाड्याबाहेर लावलेल्या स्कूटरमधून पेट्रोल गेलेलं मी लहानपणी दोनदा पाहिलंय. पुण्याच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. झाकण फिट्ट बसलं. एक चावी तुम्हाला दिली, एक माझ्या जुडग्यात घातली. जुनं झाकण भंगारात टाकून दिलं, म्हणजे परत मन बदलायची सोय नको.

आणि काटा हलायचा थांबला. आठवडाभर मी तुम्हाला जेवताना ऐकवलं ना? "बघा, कुलूप लावलं तर उडायचं बंद झालं." तुम्ही हसलात. ते हसू मी माझा विजय समजले होते.

त्यानंतर तुमच्या शुक्रवारांचं काहीतरी बिनसलं. सकाळी हमरस्त्यानं लांबच्या खाबुरा गावाला जायचं, बाजारात फिरायचं, लिंबं आणि आंबे घेऊन जेवायला परत, हा तुमचा नेम. जेवायला येणारे तुम्ही चार-चार वाजता यायला लागलात. शर्टाला पेट्रोलचा वास, मान भाजलेली. विचारलं तर म्हणायचात, "गाडी जरा थांबली होती." गावात फिरताना ही गाडी कधी थांबत नाही, आणि लांब गेली की बरोबर थांबते? कोण विश्वास ठेवेल? मी तुमचे खिसे पाहिले. फोन पाहिला. लिंबं किती आहेत तेसुद्धा मोजली. आता लिहिताना लाज वाटतेय, पण पाहिले ते पाहिले.

मग तो शुक्रवार. एका ट्रकवाल्याला तुम्ही खाबुऱ्याच्या फाट्यापुढे दिसलात. नंबरप्लेट खाली, झाकण उघडं, चावी त्यातच, आणि तुम्ही बंपरला टेकून बसलेले. डॉक्टर म्हणाले हृदयाचा झटका, कुठेही आला असता, घरी सोफ्यावरही आला असता. डॉक्टर असंच म्हणतात. बायको समोर रडत असताना दुसरं काय म्हणणार?

मला कुणीतरी हवं होतं. गाडी बंद पडली म्हणून तुम्ही उन्हात उतरलात. गाडी बंद का पडली? ज्यानं शेवटचा हात लावला त्यामुळे. मुग्धाला मी बंगलोरला फोन करून तेच सांगितलं. आपली लेक बिचारी विचारत होती, "आई, आर यू शुअर?" मी म्हटलं, शंभर टक्के.

परवा, गुरुवारी, मी पुरावा गोळा करायला गॅरेजमध्ये गेले. पोलिसांनी गाडी तिथे आणून ठेवली होती. रफीक बाकड्यावर बसला होता, उभा राहिला. मी म्हटलं, "माझ्यासमोर चालवून दाखव. काय केलंयस ते मला बघायचंय." त्यानं अर्बाबकडे पाहिलं, अर्बाब म्हणाला, "यल्ला," म्हणजे निघा.

मी पुढे बसले. निघण्याआधी बॉनेट उघडायला लावलं, बंद करायला लावलं, मोबाइलवर फोटो काढला. नाहीतर हा वाटेत काहीतरी करायचा. तुमचं कुलूपवालं झाकण घट्ट लावलेलं मी स्वतः ओढून पाहिलं. हमरस्त्याला लागलो. अर्ध्या तासानं गाडी अडखळली, ठसकली, आणि गप्प झाली. तुम्हाला असंच व्हायचं?

रफीक म्हणाला, "ताई, चावी द्या." मी पर्समधून जुडगा काढून दिला. मागे जाऊन त्यानं झाकण फिरवलं आणि टाकीनं मोठ्ठा 'सूंऽऽ' करून हवा आत ओढली. इतका मोठा आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं. मग त्यानं स्टार्टर मारला आणि गाडी लगेच सुरू झाली.

"जुन्या गाडीला दुसरी वाट नसते," तो म्हणाला. "जेवढं पेट्रोल इंजिनात जातं, तेवढी हवा टाकीत यावी लागते. ती झाकणाच्या बारीक भोकातून येते. या झाकणाला भोकच नाय. हे नव्या गाडीचं."

मी म्हटलं, परत. त्यानं परत झाकण घट्ट लावलं, परत गाडी मेली. मी म्हटलं, आता तुझं लाव. त्यानं डिकीतून भोकवालं एक जुनं झाकण काढून लावलं आणि आम्ही न थांबता गॅरेजला आलो. तरी मी म्हटलंच, "मग हे बिनभोकाचं झाकण बसवलं कोणी?"

त्यानं जुडगा माझ्या हातात परत ठेवला. त्यात झाकणाची चावी होती, घराच्या चावीच्या शेजारी.

अहो, त्याला सगळं माहीत होतं. अर्बाबसमोर दोन आठवडे गप्प राहिला, माझं नाव घेतलं नाही. कशासाठी? मी विचारलं तेव्हा म्हणाला, "साहेब गेल्यावर मी घरातली गोष्ट बाहेर कशी करू?" मग हळूहळू बोलला. तुम्ही दुसऱ्याच आठवड्यात त्याच्याकडे गेला होतात. तो म्हणाला होता, बारीक ड्रिलनं भोक पाडून देतो, दोन मिनिटं लागतील. तुम्ही म्हणालात, "थांब. तिनं हौसेनं आणलंय. भोक दिसलं तर कुलूप बिघडवलं म्हणेल. तिला विचारतो."

विचारलं होतंत का तुम्ही मला?

दोन दिवस मी हेच शोधतेय. आणि आज दुपारी कुकर लावताना आठवलं. तुम्ही चहा घेत होतात. म्हणालात, "अगं, त्या झाकणाचं जरा बोलायचं होतं." मी गॅसकडे तोंड करून म्हटलं, "काढायचं नाही म्हणजे नाही. तुम्हाला काय, तुम्हाला सगळं जग साधूसंत वाटतं." तुम्ही "बरं" म्हणालात आणि कप विसळून ठेवलात.

मला तुमचा राग येतो. एकदा ओरडायचं होतंत माझ्यावर. ते झाकण माझ्या ताटात आपटायचं होतंत. माझ्याशी दोन वाक्यं भांडण्यापेक्षा तुम्हाला दर शुक्रवारी रस्त्याच्या कडेला उन्हात उभं राहणं सोपं वाटलं? इतकी मी अवघड होते?

उत्तर नका देऊ. मला माहीत आहे.

उद्या दहा वाजता मी अर्बाबला सांगणार आहे की रफीकचा काही दोष नाही. झाकण मी आणलं, कुलूप मी लावायला लावलं, आणि खोटी तक्रारही माझीच. हे रफीकच्या समोर सांगणार, गॅरेजमधल्या सगळ्यांच्या समोर. मग घरी येऊन मुग्धाला फोन करीन. ती जे बोलेल ते फार लागेल मला. शब्द देते तुम्हाला, तिचं बोलणं संपेपर्यंत मी मधे तोंड उघडणार नाही.

तुमचं म्हणणं ऐकायला उशीर केलेली,
सुनंदा