वीणेच्या पहाऱ्याची मूळ फाईल

॥ श्री ॥

साखरा, ता. सेनगाव
माघ वद्य अष्टमी

तीर्थस्वरूप साडूभाऊ विश्वंभरराव यांच्या चरणी भागवतचा नमस्कार.

तुमची शुगर आणि शिवकन्याताईंचा गुडघा ही दोन्ही आपापल्या जागी गप्प बसली असतील अशी आशा आहे. इकडे तूर घरात आली, हरभरा घाट्यावर आहे आणि म्हैस आटली आहे. नर्मदा बरी आहे. ती हे पत्र माझ्या खांद्यावरून वाचते आहे आणि "मुद्द्यावर या" म्हणते आहे. पण मुद्दा जरा मोठा असल्यामुळे त्याच्याजवळ हळूच जावे लागेल.

आधीच सांगून ठेवतो, या पत्रात तुमच्या लेकीचे, प्रियंकाचे नाव बऱ्याच वेळा येणार आहे. तिने हिंगोलीच्या बँकेतली नोकरी चौथ्याच महिन्यात सोडली आणि तुम्ही तर त्या नोकरीचे पेढे अख्ख्या जवळा बाजारात वाटून बसला होतात. तेव्हापासून, म्हणजे गेले वर्षभर, तुम्ही तिच्याशी बोलत नाही. (वाटलेले पेढे परत मागता येत नाहीत, ही तुमची खरी अडचण मी समजू शकतो.) तिचे नाव आले की पत्र घडी घालून कोनाड्यात ठेवावेसे वाटेल. ठेवा, पण जेवण झाल्यावर पुन्हा काढा. विषय सप्ताहाचा आहे आणि तो तिच्यावाचून सांगता येत नाही. शिवाय ती पुण्यात प्रोग्रॅम लिहिण्याचे काम करते म्हणजे नेमके काय करते, हे तुम्ही लोकांना आजवर सांगू शकला नाहीत. ते या पत्रात आयतेच कळेल.

गेल्या वर्षीच्या सप्ताहात किसनराव सहा तास वीणा घेऊन उभे राहिले, ते तुमच्या कानावर आलेच असेल. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, दोन तासांनी पुढच्याने मागच्याच्या गळ्यातून आपल्या गळ्यात घ्यायची, दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचे, आणि असे चौऱ्याऐंशी पहारे. या पहाऱ्यांची वही किसनराव तीस वर्षे लिहितात. गेल्या वर्षी वहीत तांड्यावरच्या रूपसिंगचे नाव एकाच वेळी वीणेला आणि पंगतीच्या वाढपाला असे दोन जागी पडले आणि वीणेची त्याच्या पुढची जागा कोरी राहिली. किसनरावांच्या गळ्यात वीणा असताना पुढचे कोणी आलेच नाही. त्यानंतरचेही आले नाही. सत्तरीतला माणूस, नाम घेत उभा. सहाव्या तासाला मी सहज देवळात गेलो तेव्हा त्यांनी डोळ्यांनीच मला जवळ बोलावले. ती नजर मी विसरलेलो नाही. तीत भक्ती होती, पण पुष्कळशी भक्ती मनातल्या मनात कोणाला तरी शिव्या देण्यात गुंतलेली होती.

यंदा पंचमंडळींनी ती वही माझ्याकडे दिली. कारण एवढेच की शाळेच्या संगणक खोलीची किल्ली चौदा वर्षे माझ्या कमरेला आहे. (किल्लीवाल्याला आतले सगळे कळते असा आपल्याकडे समज आहे. देवळाच्या पुजाऱ्याबद्दलही तो आहे.) मी प्रियंकाला फोन केला. तिने दोन रविवारांत पहारे लावणारा प्रोग्रॅम लिहिला. एका माणसाचे नाव दोन जागी नको, ज्याने जी वेळ अडचणीची सांगितली ती त्याला नको, आणि एकाच घरातली दोन माणसे लागोपाठ नकोत (जनावरांना पाणी दाखवायला घरी कोणीतरी हवे), असे सगळे नियम तिने त्यात घातले.

आता अडचण ऐका. प्रोग्रॅम लिहिला म्हणजे तो चालतो असे नाही. लिहिलेला मजकूर ज्या त्या संगणकाला आपल्या तऱ्हेने बांधून घ्यावा लागतो. प्रियंकाचा पुण्यातला संगणक मॅक, शाळेचा लिनक्स, आणि सेनगावला झेरॉक्सचे दुकान चालवणाऱ्या देविदासचा विंडोज. मॅकवर तो लिहिला जाणार, माझ्याकडे नावे भरली जाणार, आणि छपाईयंत्र फक्त देविदासकडे. प्रत्येकाला बांधणीसाठी आपल्या पद्धतीची प्रोजेक्ट फाईल लागते आणि एकाची दुसऱ्याला चालत नाही. म्हणून प्रियंका एकच मूळ फाईल लिहिते. त्या फाईलवरून एक अवजार ज्या त्या संगणकाची प्रोजेक्ट फाईल तयार करून देते. मला हे असे समजले : देऊळ एकच आहे. पण औंढ्याच्या पाहुण्याला एसटी कोणती ते सांगावे लागते, सेनगावच्याला जीप कुठे थांबते ते, आणि तांड्यावरच्याला ओढ्याकडची पायवाट. मूळ फाईल म्हणजे देऊळ, आणि प्रोजेक्ट फाईल म्हणजे ज्याची त्याची वाट. हे मी प्रियंकाला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "काका, आमच्या हापिसात येऊन शिकवा तुमी." थट्टा असावी. मी ती आशीर्वादासारखी घेतली.

पत्राच्या माथ्यावर श्री लिहिला आहे तो पाहिलात ना? त्या एका अक्षराने माझे चार दिवस नेले. नव्या वहीवर, नव्या तिजोरीवर, म्हशीच्या नव्या गोठ्यावर आधी श्री लिहायचा, हे मला वडिलांनी शिकवले. म्हणून प्रियंकाने पाठवलेला मजकूर ठेवायला मी पेनड्राईव्हवर जे फोल्डर केले त्याचे नावच '॥ श्री ॥' ठेवले. शाळेच्या संगणकाने ते निमूटपणे घेतले. पेनड्राईव्ह घेऊन जीपने सेनगाव गाठले, तर देविदासच्या दुकानातले अवजार म्हणे फाईलच सापडत नाही, आणि श्रीच्या जागी नुसत्या चौकटी दाखवायला लागले. देविदासने मशीन बंद करून चालू केले, पेनड्राईव्ह शर्टाला पुसला, उदबत्ती ओवाळली. "भागवतराव, हे काहून होऊन राहिलं? कालपर्यंत साऱ्या तालुक्याचे सातबारे काढले म्या याच्यावर." तीन दिवस मी रोज जीपने गेलो. मागे लोंबकळणाऱ्यांत माझी चांगली ओळख झाली. चौथ्या दिवशी प्रियंकाने फोनवर विचारले, "काका, फोल्डरचं नाव काय ठेवलं?" मी सांगितले. तिने ते दोनदा सांगायला लावले. मग म्हणाली, "काका, श्री चुकला न्हाई. देविदासभाऊच्या मशिनीवरच्या अवजाराला वाचता येईना. नाव इंग्रजीत ठेवा."

मला ते जड गेले. मी किसनरावांना विचारले. ते म्हणाले, "अरे, दारावरचा देव आत नेऊन ठेव की. कोण हाकलून राहिलं त्याला?" मग प्रियंकाने एक तोड सांगितली. मूळ फाईलमध्ये ज्या ओळीच्या सुरुवातीला एक विशिष्ट खूण असते ती ओळ अवजार वाचत नाही, सोडून पुढे जाते. तशी खूण करून मी पहिल्या ओळीत श्री लिहिला. यंत्राने वाचू नये म्हणून लिहिलेले देवाचे नाव मी आयुष्यात प्रथमच लिहिले. ज्याने वाचायचे तो वाचतोच.

यादी छापली, तर नावांच्या जागी पुन्हा नुसत्या चौकटी. देविदासच्या संगणकात मराठी अक्षरांची फाईल भलत्याच जागी होती. मी दोन दुपारी बसून तिचा पत्ता तिथल्या तयार झालेल्या प्रोजेक्ट फाईलमध्ये हाताने लिहिला. एकेक ओळ तपासली. सुंदर छपाई झाली. देविदासने चहा मागवला. दुसऱ्या दिवशी प्रियंकाने सुधारलेला मजकूर पाठवला, आम्ही नव्याने प्रोजेक्ट फाईल काढली आणि माझ्या दोन दुपारी गेल्या. पुन्हा चौकटी. प्रियंका म्हणाली, "तयार झालेल्या फाईलला हात लावायचा न्हाई, काका. ती दरवेळी नवी होते. बदल करायचा तर मूळ फाईलमध्ये करायचा." विश्वंभरराव, हे वाक्य ऐकून मी देवळाच्या पायरीवर अर्धा तास बसलो. माणूस जन्मभर तयार झालेलीच फाईल दुरुस्त करत बसतो. संध्याकाळी नर्मदेला हे सांगितले. ती म्हणाली, "मग गोठ्याचं कवाड तेवढं दुरुस्त करा. ते काही दरवेळी नवं होत न्हाई."

एवढे होऊन तिन्ही संगणकांनी यादी दिली, तर तिघांच्या तीन! ज्यांना कोणतीही वेळ चालते त्यांना प्रोग्रॅम चिठ्ठ्या टाकल्यासारखा बसवत होता, आणि ज्याचा तो संगणक आपल्या चिठ्ठ्या आपण टाकत होता. रूपसिंग देविदासकडे छापलेले तिन्ही कागद घेऊन घरी आला. "भागवतराव, तीन ठिकाणी कसा उभा राहू? मी एकलाच हाय." किसनराव ओट्यावर बसले होते, ते हसून हसून खोकले. "माझ्या वहीत तर हा दोनच जागी होता." प्रियंकाने तेही मुळात दुरुस्त केले. आता कोणत्याही संगणकावर काढा, यादी एकच येते.

ती पोरगी रात्रीचे जेवण पुढ्यात ठेवून माझ्या फोनला उत्तर देत असे. अठरा दिवसांत एकदाही कंटाळल्यासारखी बोलली नाही. लोकांनी विचारले की पोरगी काय करते, तर सांगा, जिथली तिथली वाट काढून देते.

फाल्गुन शुद्ध दशमीला वीणा उभी राहील. तुमचा पहारा पाचव्या दिवशी दुपारी चार ते सहा. दरवर्षी येता तसे या. शिवकन्याताईंना नमस्कार.

तुमचा,
भागवत

ता. क. : येताना जवळा बाजारहून चांगल्या गवऱ्या मिळाल्या तर पोतेभर आणाव्यात. काल्याच्या स्वयंपाकाला लागतील.

ता. क. दुसरा : किसनरावांचा छापील कागदावर विश्वास नाही, म्हणून नर्मदेने सगळी यादी पुन्हा वहीत हाताने उतरवून काढली. तिला एक चूक सापडली. मेलेल्या माणसाचा पहारा लागला होता. (नावे मी भरली होती.) प्रियंका म्हणाली, मावशीसारखं अवजार अजून निघालं न्हाई.

ता. क. तिसरा : तुमच्या आधीचा पहारा, दोन ते चार, प्रियंकाचा आहे. ती रजा घेऊन येते आहे. एका घरातली दोन माणसे लागोपाठ नकोत हा नियम मी वर लिहिला आहे आणि तो तुम्हाला आठवेल, म्हणून कबूल करतो, हे यंत्राने केलेले नाही. तुम्हा दोघांची जोडी लावणारी एक छोटी फाईल मी केली आणि तिचे नाव मूळ फाईलमध्ये जोडले. तेव्हा देविदासला फोन करून वेळ बदलायला सांगू नका. तो दहा वेळा नव्याने काढील आणि दहाही वेळा तेच येईल. प्रियंकाच्या मॅकवरही तेच आले. तिचा फोन आला. "काका, नियम मोडून राहिलाय. माझ्यामागं बाबा कसे आले?" मी म्हणालो, मूळ फाईल बघ. तिने पाहिली. ती एक ओळ तिला तिथल्या तिथे पुसता आली असती. ती म्हणाली, "राहू द्या."

तुमच्यानंतर सहाला देविदास आहे, आणि तो दुकान बंद करून सातच्या आत कधी आलेला नाही. चारला तुम्ही आला नाहीत तर वीणा तिच्याच गळ्यात राहील, आणि ती खाली ठेवता येत नाही.