दोन्ही स्पीकरमधून

विद्याधरभाऊजी,

आईंना घेऊन मुलुंडला वसुधामावशींकडे जातेय. दोन-तीन दिवस राहू. आमटी-भात झाकून ठेवलाय, दूध तेवढं तापवा.

तुमच्यावर रागावून जात नाही. हे गेल्यापासून घर मुकं झालं, म्हणून तर तुम्ही यांच्या म्युझिक सिस्टीमला टीव्ही आणि व्हीसीआर जोडून घरातच थिएटर केलंत. पण आज तुम्ही ऑफिसला गेल्यावर आईंनी अनुपमावन्संच्या लग्नाची कॅसेट लावायला सांगितली. टीव्हीच्या बारक्या आवाजात आजवर यांचं बोलणं गर्दीत कळतच नव्हतं. आज दोन्ही स्पीकरमधून यांचा आवाज खोलीभर आला, "आई, पाणी दे गं, घसा सुकला!"

आई उठल्या, पेला भरून आणला आणि "अनंता, कुठे गेलास रे?" करत घरभर शोधत राहिल्या. मी घाबरून सगळं बंद केलं, तर मलाच म्हणाल्या, "त्याला का घालवलंस?" तेव्हापासून जेवल्या नाहीत. इथे ठेवलं तर स्पीकरसमोरून उठायच्या नाहीत.

आम्ही यायच्या आत त्या वायरी काढून टाका. सिस्टीम बिघडली असं मी त्यांना सांगेन. कॅसेट मात्र पुसू नका, माझ्या कपाटात ठेवा.

आणि आईंना भ्रम झालाय, असं कुणाजवळ बोलू नका. यांचा आवाज आला तेव्हा मीसुद्धा पदर सारखा केला होता.

वहिनी