आवळायचा राहिलेला नट

लंकाअक्का,

दाजींचा डबा मी घेतलाय. राहात्याच्या दवाखान्यात मीच नेतो.

मालकांच्या जुन्या अमेरिकन गाडीखाली आज परत शिरलो. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा पार्किंगवर, म्हंजी गाडी जागीच अडकवायच्या खुणेवर, दिसतो, पर खाली गिअर बसतच न्हाई. मधला रॉड मीच जोडला हुता आन् त्याचा नट आवळायचा राहिला. म्हणून गाडी उतारावर मागं आली न् दाजींचा पाय सापडला.

आन् मी मालकांपुढं म्हणालो, "ड्रायव्हरनंच दांडा नीट टाकला न्हाई." दाजींची नोकरी गेली.

आधी मालकांना खरं सांगतो, मग दवाखान्यात जातो. तू जरा उशिरानं ये. तुझ्यासमोर माझं तोंड उघडायचं न्हाई.

गहिनी