अंगठीतले ठोके

आवं,

मी रहिमतपूरला भावाकडं चाललेय, परवा येते. भाकरी टोपलीत हायती. म्हशीची पेंड भिजवलीय.

साईराजनं दिलेली ती ठोके मोजायची अंगठी तुमी सांजच्या धारंला काढून देवळीत ठेवता आन् इसरता. हरवाय नगं म्हणून रोज रातीला मी घालते, पहाटं परत ठेवते. म्हंजी सकाळी मोबाइलवर दिसती ती झोप माझी, ठोकंबी माझंच. पारावर ज्या काळजाची फुशारकी मारता, ज्याच्या जिवावर बीपीची गोळी बंद केलीसा, त्ये माझं हाय!

आज आधी गोळी घ्या, मग अंगठी घालूनच झोपा. माझं काळीज दणकट हाय, त्ये कळलं. परवा आल्याबरोबर मला तुमचं बघायचंय.

साईराजची आई